लोण्याची गाठ

शेळगावात दुधाची खोटी शपथ कुणी घेत नसे, कारण तिथं हिंदुरावांची नळी होती.

सकाळी सहाला डेअरीच्या ओट्यावर किटल्या आणि बरण्यांची रांग लागायची. हिंदुराव प्रत्येकाच्या दुधातून जरासा नमुना काढायचे. काचेच्या नळीत आधी ॲसिड, त्यावर दूध, मग नळी मशीनमध्ये बसवून हातानं गरागरा फिरवायची. मशीन थांबलं की नळीच्या अरुंद गळ्यात पिवळीधमक रेघ चढून बसलेली असे. तीच फॅट. रेघ जेवढी उंच, तेवढी म्हैस गुणाची आणि त्या घरची मान ताठ. रेघ आखूड भरली की हिंदुराव वर न बघताच म्हणायचे, "फॅट न्हाय." एवढे दोन शब्द, आणि बरणी आल्या वाटेनं परत.

"आबा, म्हस आजारी हाय वो. एका दिवसापुरतं घ्या."

"मग म्हशीला डागदराकडं न्यायची. तिच्या दुधाला हिरीचं पाणी कशापायी पाजलंस?"

रांग हसायची. ज्याची बरणी परत गेली तोही दुसऱ्या दिवशी हसायचा, कारण एकदा हिंदुरावांनी आपल्या स्वतःच्या घरचं दूध असंच चारचौघांत परत पाठवलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचा बाप मेंढरं घेऊन गावोगाव फिरलेला. हिंदुरावांनी कळप मोडला, म्हशी घेतल्या, आणि दोन गोष्टींत जन्म घातला. एक ही नळी, दुसरी हातातले टाळ. कीर्तन कुठंही असो, टाळकऱ्यांच्या रांगेत ते उभे. बुवांनी चाल धरली की डोळे मिटायचे, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कधी आलं ते त्यांचं त्यांना कळायचं नाही. देव गोकुळातच का वाढला, असं कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर तयार असे, "तिथली फॅट चांगली हुती."

असा हा माणूस सत्त्याण्णव साली, कार्तिकात, नातीला घेऊन बारामतीच्या दवाखान्यात बसला होता.

शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी छकुलीचं कोपर धरून ठेवलं होतं, सोडलंच नाही म्हणे. आठ वर्षांची पोर. कोपरावर हरभऱ्याएवढ्या दोन पिवळसर गाठी, टाचेच्या वर एक. दुखत नव्हत्या, खुपत नव्हत्या. बाईंनी चिठ्ठी दिली, आणि चिठ्ठी घेऊन हिंदुराव आणि त्यांची विधवा सून सुकन्या, दोघं दोन पोरांना घेऊन आले.

बारामतीचे डॉक्टर वयानं तरुण होते. त्यांनीही कोपर धरलं.

"हे कधीपासून आहे?"

"पाचव्या वर्सापासनं. काळजीचं काम न्हाय डॉक्टरसाहेब," हिंदुराव हसून म्हणाले. "लोण्याच्या गाठी हायत त्या. हिच्या बापालाबी हुत्या. बोटांवर, टाचंवर. आमच्या घरचं खाणंच तसं हाय."

"वडील नाही आले?"

हिंदुरावांचं हसू तोंडावरच राहिलं. "गेला त्यो. तीन वर्सं झाली. चौतीसचा हुता. उसाला पाणी धरत हुता, बांधावर बसला, आन् उठलाच न्हाय."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

दोन्ही पोरांचं रक्त काढलं. छकुली रडली नाही, धाकटा ऋषिराज सगळ्यांच्या वाटणीचं रडला. चार दिवसांनी कागद घ्यायला पुन्हा गेले तेव्हा हिंदुरावांच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "फॅट किती लागली?"

डॉक्टर क्षणभर गोंधळले, मग त्यांना उमगलं. "शब्द बरोबर आहे आबा तुमचा. रक्तातली फॅटच आहे ही. दोनशेच्या आत पाहिजे. मुलाची तीनशे आहे. मुलीची सहाशेच्या वर."

आयुष्यात पहिल्यांदा फॅटचा मोठा आकडा ऐकून हिंदुराव घाबरले.

"तुमचं लग्न नात्यातलं का?" डॉक्टरांनी सुकन्येला विचारलं.

"व्हय. त्यांच्या मामाची पोरगी मी. सख्ख्या आत्याच्या घरात दिलेली."

"म्हणजे मुलीला दोन्हीकडून आलंय. हे रक्तातच असतं. कुणी काही खाऊ घातलं म्हणून झालेलं नाही. पण खाण्यानं वाढतं, एवढं खरं. ह्या गाठी बाहेर दिसतात, तेच आत हृदयाच्या नळ्यांत साचतं. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो, औषध ते ठरवतील. तोवर घरात एक करा. दूध बंद करायचं नाही, वाढीचं वय आहे. दुधातली फॅट काढायची. साय, लोणी, तूप, खवा, सगळं बंद. आणि घरातल्या सगळ्यांनीच तसलं दूध प्यायचं, नाहीतर पोरांना वाटतं शिक्षा आपल्यालाच."

ह्या सगळ्या बोलण्यातून हिंदुरावांच्या कानांत तीनच शब्द शिरले. पण खाण्यानं वाढतं. इंदापूरच्या एस्टीत ते खिडकीशी बसले. सणसर गेलं, उसाच्या ट्रॉल्या गेल्या, दुधाचा टँकर गेला. सुकन्येच्या मांडीवर ऋषिराज झोपलेला. ती म्हणाली, "मामा, आत्यांना कसं सांगायचं?"



ह्या गाठींना नाव पडलं ते देवळात. हिंदुरावांचा मुलगा, छकुलीचा बाप शंभूराज, तेव्हा सोळा वर्षांचा होता. सप्त्याच्या शेवटच्या दिवशी कऱ्हाटीच्या तात्याबा महाराजांचं काल्याचं कीर्तन चाललेलं. गोपाळ झालेल्या पोरांना महाराज लोणी भरवत होते. शंभूचा हात धरला आणि त्याच्या बोटांच्या पेरांवरच्या पिवळ्या गाठी त्यांना दिसल्या. महाराजांनी तो हात सगळ्या मंडळींना दाखवला. "बघा, बघा! ह्या चोरट्याच्या बोटांना अजून लोणी चिकटलंय! यशोदामाई, कुठं हायस गं? धर ह्याला!" देऊळ हसून हसून लोळलं. बायकांच्या घोळक्यातली ठमाबाई, शंभूची आई, पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडतही होती. काल्याचं लोणी तिच्याच घरचं असायचं. त्या दिवसापासून ती लोण्याची गाठ झाली. पुढं छकुलीच्या कोपरावर तीच उमटली तेव्हा ठमाबाईनं पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले होते. म्हणाली, "माझा शंभू खूण ठेवून गेलाय."

तिला सांगितलं सुकन्येनंच. ठमाबाई ताक घुसळत होती, तिची रवी थांबली नाही.

"त्या डागदराला मिसरूड तरी फुटलंय का?"

"आत्या, कागदावर आलंय."

"कागद माझ्या पोराच्या हातात देवानं दिलेल्या खुणेला रोग म्हणतोय, आन् तुमी दोघं ऐकून आला?"

"ते म्हणलं, कुणाच्या खाऊ घालण्यानं झालं न्हाय. रक्तातच असतंय. दोन्हीकडून आलंय."

आता मात्र रवी थांबली. ठमाबाईनं ताकावर आलेल्या लोण्याकडं पाहिलं. मग हळू म्हणाली, "दोन्हीकडून म्हंजी कुठनं गं? तू माझ्या भावाची, त्यो माझ्या पोटचा. म्हंजी रक्तबी माझंच, आन् लोणीबी माझंच."



दुसऱ्या दिवसापासून हिंदुरावांनी एक उलटंच काम अंगावर घेतलं. जन्मभर दुधात फॅट राहावी म्हणून पहारा दिला, आता ती निघावी म्हणून खटपट. म्हशीचं दूध पोरांना बंद केलं. शेजारच्या गोजरबाईंकडून गाईचं आणायचं, तापवायचं, पसरट पातेल्यात गार पाण्यात ठेवायचं, साय धरली की काढायची, पुन्हा ठेवायचं, पुन्हा काढायची, मग फडक्यानं गाळायचं. आणि रोज त्यातला घोटभर डेअरीवर नेऊन, रांग संपल्यावर, एकट्यानं नळीत घालायचा. तीन. अडीच. दोन. ज्या दिवशी रेघ दीडच्या खाली उतरली त्या दिवशी हिंदुराव डेअरीत एकटेच "पांडुरंगा" म्हणाले, आणि आपण कशावर देवाचं नाव घेतलं ह्याचं त्यांनाच नवल वाटलं.

पोरांसाठी काचेचे दोन पेले आणले. ऋषिराज गुळाचा खडा मिळाला की काहीही प्यायचा. छकुलीनं पेला उजेडात धरला.

"आबा, हे निळं दिसतंय."

"आभाळाचं दूध हाय."

"आभाळाला म्हस नसती." एक घोट घेऊन तिनं ओठ पुसले. "तुमी म्हणता तसं दूध हाय हे. परत पाठवायचं."

हिंदुराव हसले. त्यांनी स्वतःचा पेला तिच्यासमोर रिकामा केला. ठमाबाई कोपऱ्यात भाकरी थापत होती. ती ह्या कामात कुणाला आडवी आली नाही. सगळ्यांना वाटलं, पटलं तिला.

दहा-बारा दिवस गेले. छकुली आता पेला खाली ठेवत नव्हती, उलट "आजीच्या हातचं दूध गोड लागतं" म्हणून आजीकडूनच मागायची. एका संध्याकाळी तिचा रिकामा पेला ओट्यावर होता. हिंदुराव सहज जाता जाता थांबले. काचेला आतून पांढुरका पापुद्रा धरला होता, वरपासून खालपर्यंत. निःसत्त्व दूध काचेला असं धरून राहत नाही. हे सांगायला त्यांना नळी लागत नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी पोरीच्या हातातला पेला त्यांनी घेतला, पिऊ न देता डेअरीवर नेला, आणि मशीन फिरवलं.

साडेपाच.

ते घरी आले तेव्हा सुकन्या पोरांना घेऊन मळ्यात गेली होती. ठमाबाई तांदूळ निवडत होती.

"पोरीच्या दुधात साय घालतीस?"

"घालती."

"कधीपासनं?"

"तुमी आभाळाचं दूध पाजाय लागला तवापासनं."

"अगं, लेकरू मरंल!"

ठमाबाईनं सूप बाजूला सारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच ऐकायला जड गेलं. "मरंल म्हंता? मग ऐका. त्या दुधानं पोरगी मरंल, हे मी मानलं, तर त्या दुधानं शंभू मेला हेबी मला मानावं लागंल. त्याच्या ताटात वाटीभर तूप कोण वाढायचं? टाच दुखती म्हणायचा, तर त्या टाचंला लोणी कोण चोळायचं? मी. मग मला सांगा, मी माझं लेकरू माझ्या हातानं..." तिनं सूप पुन्हा पुढं ओढलं. "म्हणून घालती. पोरगी साय खाऊन धडधाकट राहिली, तर मी सुटले."

हिंदुराव खाली बसले. टाळ वाजवून घट्टे पडलेले आपले दोन्ही हात त्यांनी मांडीवर उलटे करून ठेवले.

"तू एकटीनं न्हाय," ते म्हणाले. "रोज सकाळी डेअरीवरनं येऊन कोण म्हणायचं, आज आपल्या म्हशीला आठ लागली, पोराला पेलाभर जास्त दे? मी मोजायचो, तू पाजायचीस."

"मग तुमी कसं झोपता?"

"न्हाय झोपत."

एवढंच बोलणं झालं. दोघांनी मिळून कधी काही ठरवलं नाही. पण पेल्यातली रेघ पुन्हा दीडवर आली की नाही हे बघायचं धाडस हिंदुरावांना चार दिवस झालं नाही. ठमाबाई नवऱ्याशी बोलेनाशी झाली.

त्याच आठवड्यात छकुलीच्या शाळेच्या सँडलचा मागचा पट्टा तुटलेला दिसला. सुकन्या ओरडली, तर पोर म्हणाली, "तुटला न्हाय. मी विळीवर कापला. टाचंला घासतोय." ठमाबाईनं ती सँडल हातात घेतली. मग उठून माळ्यावरचं बोचकं काढलं. त्यात शंभूच्या वस्तू होत्या. त्याच्या सँडलचाही मागचा पट्टा कापलेला होता, तसाच, तिरका. ठमाबाईनं एका हातात बापाची आणि एका हातात लेकीची धरली, आणि दिवेलागण होईपर्यंत ती तिथंच उभी होती. सुकन्येनं हे मामांना सांगितलं. हिंदुरावांनी ऐकलं, आणि ते देवळाकडं निघून गेले.

देवळात सप्ता बसला होता.

तात्याबा महाराज आता सत्तरी ओलांडलेले. दात गेले होते, गळा गेला नव्हता. काल्याच्या दिवशी सकाळी, महाराज जिथं उतरले होते त्या घरी हिंदुराव जाऊन आले. पाया पडले. सांगायचं ठरवून गेले होते, की महाराज, त्या गाठींचं असं असं निघालंय, आज पोरीला लोणी भरवू नका. महाराजांनी पाठीवरून हात फिरवला. "शंभूच्या लेकीला पुढं उभी कर रं. गेल्या सालापासनं तिचं तोंड डोळ्यांपुढं हाय माझ्या." आणि हिंदुराव तसेच परत फिरले. ह्या साधूच्या तोंडून प्रेमानं निघालेला शब्द खोटा होता, हे त्याच्या तोंडावर कसं सांगायचं?

दहाला कीर्तन उभं राहिलं. मृदंग घुमला, टाळ लागले. महाराज गोकुळात शिरले आणि अख्खं गाव त्यांच्यामागनं शिरलं. देव खोड्या करत होता, गौळणी गाऱ्हाणी आणत होत्या, माणसं हसत होती. हिंदुरावांचा ताल चुकत नव्हता, पण चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे डोळे मिटत नव्हते. बायकांच्या पुढच्या रांगेत ठमाबाई बसली होती. समोर नेहमीचं पितळी पातेलं, त्यात चेंडूएवढा लोण्याचा गोळा, आणि शेजारी फडक्यानं झाकलेला तांब्या, पोरीच्या पेल्यासकट.

लोणी आणलं होतं तिनं. हिंदुरावांनी ते पाहिलं.

हंडी फुटली. दही-लाह्या उडाल्या, पोरं तुटून पडली. महाराजांनी पातेल्यातला गोळा उचलला आणि हाक मारली, "कुठं हाय माझ्या लोणीचोराची लेक?"

छकुली मोरपीस खोचून पुढं आली. महाराजांनी तिचं कोपर वर करून मंडळींना दाखवलं, अगदी बापाचा हात दाखवला होता तसंच. माणसं हसली. काहींनी डोळे टिपले. हिंदुराव हातात टाळ धरून जागेवरच उभे होते. आज एक घास. एका दिवसानं काय होतंय? एका दिवसापुरतं. हे शब्द कुणाचे, ते त्यांना एकदम आठवलं. ज्यांच्या बरण्या त्यांनी परत पाठवल्या, त्या सगळ्यांचे.

त्यांनी पाऊल उचललं, पण त्यांच्या आधी बायकांतून कुणीतरी उठलं होतं.

ठमाबाईनं महाराजांचं मनगट धरलं. डोक्यावरचा पदरही सावरला नाही.

"महाराज, ह्या तोंडाला नगं."

मृदंग थांबला. टाळ एकेक करत विरले.

"का गं माय? काय झालं?"

"ती गाठ लोण्याची न्हाय. रोग हाय त्यो. शंभूच्या बोटांवरची बी लोण्याची नव्हती." तिनं मान वर केली नाही, पण आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. "तुमचं काय चुकलं न्हाय. तुमी कौतुक केलंत. मी त्याला आणिक चारलं."

 तात्याबा महाराजांनी छकुलीच्या कोपराकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या गोळ्याकडं.  त्यांनी पोरीचा हात हळूच खाली केला, जपून, जणू तो दुखेल.

"मग ह्या लेकराला काल्याचं काय देऊ?" शेवटी त्यांनी विचारलं.

ठमाबाईनं तांब्यावरचं फडकं काढलं. काचेच्या पेल्यात ताक ओतलं. थोडं सांडलं. "सगळं लोणी काढलंय. पहाटंपासनं तीनदा घुसळलं." मग ती वळली, आणि कितीतरी दिवसांनी नवऱ्याशी बोलली. "बघा तुमी."

नळी नव्हती, मशीन नव्हतं. हिंदुराव पुढं आले. त्यांनी पेला घेतला, उजेडाकडं धरला आणि हलकेच गोल फिरवला. ताक काचेवरून खाली आलं. मागं काही उरलं नाही. काच स्वच्छ. त्यांनी पुन्हा एकदा फिरवला, कारण सगळं गाव बघत होतं, आणि ती बघत होती.

"फॅट न्हाय," ते म्हणाले.

हे दोन शब्द ऐकून जन्मभर लोकांच्या माना खाली गेल्या होत्या. आज ठमाबाईची मान खाली गेली आणि तिथंच राहिली. खांदे हलत होते. सुकन्येनं मागून येऊन तिला धरलं.

छकुली ताक प्यायली. सगळं प्यायली. ताकाच्या मिशा पुसून म्हणाली, "आंबट हाय." आणि मग, आजीकडं बघत, "पण चालंल."

कुणी हसलं नाही. पुण्याची चिठ्ठी हिंदुरावांच्या अंगातल्या कोपरीच्या खिशात होती, सोमवारची तारीख घातलेली. तात्याबा महाराज देवापुढं तसेच उभे होते. गोळा हातात होता. कुणाच्या तोंडात घालावा हे त्यांना कळत नव्हतं, खाली ठेवावा तर ठेवता येत नव्हता. आणि दुपारच्या उन्हानं लोणी वितळून त्यांच्या बोटांच्या पेरांवरून, मनगटावरून, थेंब थेंब खाली येत होतं.